घड्याळाप्रमाणे गोळी दिली, तरी तिचं दुखणं वाढत होतं

केसपेपरवर वेदनाशामकापुढे 'एसओएस' लिहिलं की ती गोळी बाळंतिणीच्या पोटात जात नाही, हे माझं ठाम मत आहे. एसओएस म्हणजे मागितली तर द्यायची, आणि आमच्याकडची बाळंतीण मागत नाही. सासूनं आधीच सांगून ठेवलेलं असतं, "बाळंतपण म्हटलं की दुखणारच." 'टीडीएस', म्हणजे दिवसातून तीनदा, लिहिलं तरी फार फरक पडत नाही. ट्रॉली सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8 अशी फिरते आणि पुढचे 12 तास कोरडे जातात.

म्हणून आमच्या पीएनसी (बाळंतपणानंतरच्या) वॉर्डात वेळा ठरवून घेतल्या. पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर सहा तासांनी: 6-12-6-12. आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ दर आठ तासांनी: 6-2-10, काहीतरी खाल्ल्यावर. वजन 50 किलोच्या आत असेल (आमच्याकडे बऱ्याचदा असतं) तर पॅरासिटामॉल किलोला 15 मिग्रॅ धरायचं. 42 किलोच्या बाईला 650 ची एक गोळी पुरे. अल्सर, किडनीचा त्रास, कमी प्लेटलेट, वेदनाशामकाने उठणारा दमा यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन नाही. आणि टाके घातल्यावर लेबर रूममध्ये डायक्लोफेनॅकची 100 मिग्रॅ सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी) ठेवली असेल, तर आयबुप्रोफेन 12 तास लांब. दोन्ही एकाच जातीची औषधं. सपोझिटरी ठेवल्याची नोंद करायला लेबर रूमवाल्यांचा हात का जड होतो, कळत नाही. वर नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून 'अंगदुखीची' कॉम्बी गोळी आणून गुपचूप देतात. त्यात पॅरासिटामॉल 325 आणि सोबत आयबुप्रोफेन नाहीतर अ‍ॅसिक्लोफेनॅक असतं. म्हणून उशीखालची पट्टी रोज बघावी लागते.

टाक्यांवर बर्फ लावायचा, पण सरकारी वॉर्डात आइस पॅक कुठला? हातमोज्यात दोन तृतीयांश पाणी भरून गाठ मारायची (पूर्ण भरला तर गोठताना फाटतो) आणि साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. लसींच्या फ्रीजला हात लावायचा नाही. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं, पहिले एक-दोन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींतही टाक्यांच्या दुखण्याला आधी तोंडाने पॅरासिटामॉल आणि बर्फाचा शेकच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला बाळ पाजताना गर्भाशय आकसून पोटात कळा येतात, तिथे मात्र आयबुप्रोफेन जास्त चालतं. त्याआधी लघवी झाली का ते बघायचं. भरलेल्या मूत्राशयाने गर्भाशय वर सरकतं आणि कळा वाढतात.

त्या सकाळची बाई पहिलटकरीण, वजन 56. पहाटे 4 ला प्रसूती, उजव्या बाजूला एपिसिओटॉमी (बाळ बाहेर यायला दिलेला काप), टाके व्यवस्थित, सपोझिटरी ठेवलेली आणि चक्क लिहिलेलीही. 6 ला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दिलं. टाक्यांच्या वेळी बधिर करायला दिलेल्या लिग्नोकेनचा असर तासा-दोन तासांत उतरतो, त्यामुळे सहाच्या सुमारास सगळ्यांचंच थोडं वाढतं आणि गोळीने खाली येतं. शेजारच्या, तशाच टाक्यांच्या दोघी दुखण्याच्या दहापैकी तीनवर आल्या होत्या, कुशीवर वळून पाजत होत्या. हिचं 6 ला चार होतं, साडेसातला आठ.

"टाके नाही दुखत हो सिस्टर, आत दाबल्यासारखं होतंय. संडासला लागल्यासारखं."

नाडी 112, म्हणजे जलद, बीपी 104/70. गर्भाशय बेंबीपाशी, घट्ट. पॅड जेमतेम भिजलेलं. टाके स्वच्छ, फक्त उजवीकडे थोडी सूज, तीही इतरांना असते तेवढीच. ड्यूटीवरच्या हाऊसमनला (वॉर्डातल्या कनिष्ठ डॉक्टरला) फोन केला तर उत्तर आलं, "एक ट्रॅमाडॉल देऊन टाका." ट्रॅमाडॉल हे जास्त जोराचं वेदनाशामक दुधातून बाळाला जातं, बाळ पेंगतं, हा एक भाग. दुसरा असा की सपोझिटरी आणि पूर्ण डोस पॅरासिटामॉल पोटात असताना दुखणं दुप्पट होत असेल, तर बाईला आणखी औषध नाही, तपासणी हवी. मी नाडीचा आकडा पुन्हा सांगितला आणि वरिष्ठ मॅडमना बोलावलं.

मॅडमनी गुदद्वारातून तपासलं. उजव्या बाजूला मऊ, ताणलेला फुगवटा. योनीच्या भिंतीमागे रक्त साठत होतं, म्हणून पॅडवर काही दिसत नव्हतं. थिएटरमध्ये स्पायनल (कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन) देऊन उघडलं, 300 मिलीच्या आसपास गुठळ्या निघाल्या. एपिसिओटॉमीच्या वरच्या टोकाशी मागे सरकलेली रक्तवाहिनी वाहत होती. पहिला टाका कापाच्या टोकाच्या सेंटिमीटरभर वर घ्यायचा असतो, तो याच वाहिनीसाठी. दाब द्यायला पॅक, लघवीसाठी कॅथेटर, रक्ताची एक पिशवी. पुढचा दिवसभर तिला शिरेतून पॅरासिटामॉल दिलं. आयबुप्रोफेन रक्तस्राव थांबल्याची खात्री होऊन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि प्लेटलेट बघूनच सुरू केलं.

मला पुन्हा पुन्हा आठवतो तो साडेसातचा आठ. एसओएसच्या वॉर्डात त्या वेळी तिन्ही बायका आठवरच असत्या, निमूट पडलेल्या, आणि तिघींच्या सासवा तेच म्हणत असत्या. मग हिचं दुखणं वेगळं आहे हे कशावरून कळलं असतं? नाडीवरून कळलं असतं, पण बरंच उशिरा. गोळी वेळेवर दिल्याने बाईला आराम पडतो, एवढंच आम्ही नवीन सिस्टरांना शिकवत होतो. आता डोस दिल्यावर तासाने आकडा विचारून केसपेपरवर लिहायला लावतो, आणि आकडा वाढलेला दिसला की नाडी, लघवी, गुदाशयातला दाब, या क्रमाने. हाऊसमन दर सहा महिन्यांनी बदलतात. परवाच्या नव्याने पहिल्याच केसपेपरवर एसओएस लिहिलं होतं.