डाव्या कानाचं माप

शिंपी छातीचं माप घेतो, चपलेच्या दुकानात पावलाचं घेतात, बांगड्या भरणारी कासारीण तर हात नुसता दाबून 'सव्वादोन' म्हणून मोकळी होते. कानाचं माप मात्र आजवर माझं कुणी घेतलं नव्हतं. वयाच्या ४८ व्या वर्षी ते माझं मलाच घ्यावं लागलं आणि त्यातून असं निघालं, की माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे. बाहेरून दोन्ही सारखेच. फरक आत आहे.

एवढं कळायला दीड हजार रुपये आणि तीन आठवडे गेले.

मी दिवसा कचेरीत असतो आणि लग्नसराईत मित्राच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. सराव करायचा तर रात्री, जेवणं आवरल्यावर. घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून. लहानपणी शेजारी यंत्रमाग होते. दिवसरात्र खडखड चालायची आणि आम्ही पोरं त्यात गाढ झोपायचो. लाईट गेली की माग थांबायचे आणि सगळी आळी एकदम जागी व्हायची. आता ते माग गेले, तिथं तीन मजली इमारत उभी राहिली, आणि त्या खडखडाटात वाढलेल्या माणसांनाच रात्री साडेदहाला माझा भूप सोसेना. शेजारचे अण्णा एकदा गच्चीवरून म्हणाले, "चांगलं वाजवताव ओ. पण तेच तेच वाजवताव." सरावाची याहून नेमकी व्याख्या मी कुठं ऐकलेली नाही.

मग कानात इअरफोन घालूनच वाजवायचं ठरवलं. आधी मुलीचे ब्लूटूथवाले वापरून पाहिले. भाच्याने कीबोर्डला एक छोटा ट्रान्समीटरही जोडून दिला. सा दाबला. काही नाही. मग बोट उचलताना सा आला. रे दाबला, तोही रेंगाळत मागून आला. चार सुरांत माझी लय गेली. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचा हिशोब लागतो. साध्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो म्हणाला. मी म्हटलं, डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारा वेळ, त्याचं काय एवढं? त्याने कागदावर मांडून दाखवलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तुम्ही इथं कीबोर्ड वाजवताय आणि स्पीकर ठेवलाय ६८ मीटरवर, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे. गाणं ऐकणाऱ्याला हे कधी कळतही नाही, कारण त्याला सगळंच सारख्या उशिराने मिळतं. वाजवणाऱ्याचं तसं नाही, त्याच्या बोटांना आधी कळलेलं असतं.

"मामा, तुम्हाला वायरवालंच पाहिजे. आयईएम बघा."

इन-इअर मॉनिटर. मॉनिटर म्हटल्यावर मला वर्गातला आठवला, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. पुढं लक्षात आलं की हा कानातला मॉनिटरही तेच काम करतो. कुणाचं बोट कुठं घसरलं ते नावानिशी सांगतो. स्टेजवर कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी स्पीकर ठेवतात, तो खरा मॉनिटर. आमच्या ऑर्केस्ट्रात असा एकच आहे आणि तो ढोलकीवाल्याच्या बाजूला वळलेला असतो. मोठ्या बँडांत सगळेच आपला आवाज वाढवायला सांगतात आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही. व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन याचं असंच झालं, तेव्हा त्यांचा साउंड इंजिनिअर जेरी हार्वी याने त्याच्या कानात बसेल असा छोटा मॉनिटर करून दिला. त्यातूनच १९९५ साली अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. मोठे कलाकार आजही कानात लगदा भरून साचा काढून घेतात आणि त्या साच्यावर आपापला मॉनिटर बनवून घेतात. म्हणजे जगात कानाचं माप घेणारे शिंपी आहेत. आपल्या खिशापर्यंत ते आलेले नाहीत, एवढंच.

आपल्या खिशासाठी मी आधी नवी पेठेत गेलो. दुकानदाराने काचेवर सात-आठ डब्या मांडल्या. "घ्या की काका, बास बघा कसला मारतंय." मी कानात घालून बघू का विचारलं, तर पॅकिंग फोडायचं नाही म्हणाला. तेही बरोबरच. दुसऱ्याच्या कानातून निघालेली वस्तू कोण विकत घेईल? मी आपलं विचारलं, तंबोरा कसा येईल यात? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी चादरीच्या दुकानात जाऊन रुमालाची घडी मागितली होती.

मग भाच्याच्या मोबाइलवर दोन रात्री बसलो. ही एक वेगळीच दुनिया आहे. मूनड्रॉप, केझेड, ट्रुथिअर, टँगझू अशी चिनी कंपन्यांची रांग लागलेली. ट्रुथिअरचं मी मनातल्या मनात 'सत्यकर्ण' करून टाकलं. हजार ते दोन हजारांच्या आत इतकं काही मिळतं, की निवडणाऱ्याचं डोकं फिरावं. प्रत्येकाखाली 'ड्रायव्हर' मोजून दिलेले. एकात एक, एकात दोन, एकात पाच. ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा पडदा आणि त्याच्यामागचं लोहचुंबक, लहानसा स्पीकरच म्हणा. दुसरी एक जात असते बॅलन्स्ड आर्मेचर नावाची, ती मूळची कानाच्या यंत्रातली, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या मशीनमधून इकडं आलेली. मला आधी वाटलं, पाच ड्रायव्हर म्हणजे पाचपट भारी. भाचा म्हणाला, एका टांग्यावर पाच गाडीवान बसवले तर टांगा पाचपट पळतो का? या किमतीत एकच पण धड ड्रायव्हर बघा. टांगा त्याने कधी पाहिला असेल का, शंका आहे. पण उपमा चोख होती.

स्वस्तातली वस्तू चांगली कशी, हाही प्रश्न होताच. आमच्या पिढीचा स्वस्त इअरफोनचा अनुभव म्हणजे पिनेजवळ तुटलेली वायर. ती एका ठराविक कोनात अंगठ्याने धरली की डावा वाजायचा, जरा सोडली की उजवा. त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर रबरबँड. आता या नव्या जातीत वायर कानातल्या भागापासून काढता येते. दोन बारीक पिना असतात, ०.७८ मिलिमीटरच्या. वायर तुटली तर फक्त वायर बदला. आवाजाचं म्हणाल, तर हार्मन या स्पीकर-हेडफोनवाल्या कंपनीतल्या संशोधकांनी पुष्कळ माणसांना ऐकवून, कुठले सूर किती उचललेले बहुतेकांना गोड लागतात याचा एक आलेख काढला. आलेखात ३ हजार हर्ट्झच्या आसपास एक टेकाड असतं, कारण उघड्या कानाची नळीच त्या भागातले सूर मोठे करून देते आणि नळीला बूच मारलं की ते काम यंत्राला करावं लागतं. तो आलेख आता सगळ्यांपुढं आहे. हजार रुपयांची वस्तू बनवणाराही तो समोर ठेवून बनवू शकतो. डॉक्टरांचं हस्ताक्षर लागलं की औषध कुठल्याही दुकानात मिळावं, तसं काहीसं.

शेवटी मी टँगझूचं वानअर घेतलं. कारण सांगायला लाज वाटते. ते नाव शांगग्वान वानअर या बाईचं आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या चीनच्या तांग दरबारातली ही कवयित्री, आणि डबीवर तिचं चित्र. दीड हजारात कवयित्री मिळतेय तर आलेख कशाला बघा.

पार्सल आलं. आता कीबोर्डच्या मागचं भोक जाड, ६.३५ मिलिमीटरचं, आणि याची पिन ३.५ ची. गावातून वीस रुपयांचा अडॅप्टर आणला. जोडलं, कानात घातलं, वाजवलं, तर उजवा कान बंद. पाच मिनिटांत मी त्या कवयित्रीला, तिच्या दरबाराला आणि भाच्याला नावं ठेवून मोकळा झालो. भाच्याने व्हिडिओ कॉलवर अडॅप्टर कॅमेऱ्यासमोर धरायला लावला.

"मामा, त्या पिनेवर काळ्या रेघा किती आहेत?"

"एक."

"दोन पाहिजेत. हा मोनो आहे, गिटारच्या वायरीचा. एक रेघ म्हणजे एक कान. माइकवाल्या पिनेवर तीन असतात."

इतकी वर्षं मी या पिना खुपसतोय आणि काढतोय. त्यावरच्या रेघा नक्षी असेल समजून कधी मोजल्या नव्हत्या. दोन रेघांचा अडॅप्टर चाळीस रुपयांना मिळाला आणि उजवा कान जिवंत झाला.

पण आता डावा दुबळा वाटू लागला. उजव्या कानात मंद्रातला सा गाभाऱ्यातून आल्यासारखा, डाव्या कानात पत्र्याच्या डब्यातून. दोन्ही बाजू अदलाबदल करून पाहिल्या, तरी दुबळा तो डावाच. म्हणजे खोट वस्तूत नाही, धन्यात आहे. मनात लगेच कानाच्या डॉक्टरपर्यंत जाऊन आलो. मग सहज डाव्या कानातला तुकडा बोटाने जरा आत दाबला, आणि धडाडून बास आला. बोट काढलं, गेला.

डबीत सिलिकॉनची रबरं असतात, लहान, मधली, मोठी. लोक लावून आलेली तशीच कानात घालतात आणि बाकीची ड्रॉवरमध्ये सुतळीच्या शेजारी जाऊन पडतात. मीही तेच केलं होतं. रबर आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खर्जाचे सूर त्यातून निसटतात आणि वरचे टोचरे तेवढे उरतात. मग माणूस म्हणतो, स्वस्त ते स्वस्तच. मोठं रबर डावीकडं लावलं. हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून तुकडा जरा पिळत आत बसवला, वायर कानावरून मागे टाकली. हे वायर कानावरून घेणं मला आधी नखरा वाटलं होतं. आजोबा जानवं कानाला अडकवायचे तसं दिसतं. पण सरळ खाली सोडलेली वायर सदऱ्याला घासली की ती घासण कानात ढगासारखी गडगडते. कानावरून घेतली की शांत.

त्या रात्री मी कीबोर्ड वाजवलाच नाही. फोनला टाइप-सीचा डोंगल लावून, कारण फोनवरची भोकं कंपन्यांनी केव्हाच बुजवलीत, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकत बसलो. जुनं मोनो गाणं दोन्ही कानांत अगदी सारखं येतं आणि मग ते कुठल्याच कानात राहत नाही, कपाळाच्या मध्ये, कुंकवाच्या जागी येऊन बसतं. गायिकेने तान घेण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. तबलजीची अंगठी तबल्याच्या कडेला लागलेली ऐकू आली. टेपची खरखरही तितकीच स्पष्ट आली. चांगल्या आरशात देवीचे व्रणही दिसायचेच.

आणि हे सगळं किती कमी आवाजात. वडील २२ वर्षं मागावर होते. आत शिरलं की ओठ बघून आणि हातवारे करून बोलायचं, आणि बाहेर आल्यावरही तसंच ओरडून. आमच्या घरात 'मीठ दे' सुद्धा भांडण झाल्यासारखं म्हटलं जायचं. साठीच्या आतच त्यांना दाराची कडी ऐकू येईनाशी झाली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकायला हरकत नाही, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. माग एवढं काही मोजत बसत नाही. कानात रबर नीट बसलं की बाहेरचा गलबला तिथंच अडतो आणि आवाज वाढवायची गरज उरत नाही. भाच्याला पुण्याच्या 'हुतात्मा' एक्स्प्रेसमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवरची भांडणं ऐकू येत नाहीत, तीही याच बुचामुळे. फक्त कीबोर्डला पिन लावताना आवाजाची खुंटी आधी शून्यावर आणायची, हे मी एकदाच विसरलो. पुन्हा विसरणार नाही.

आता रोज रात्री सराव चालतो. अण्णांची तक्रार नाही. मला वाटलं होतं घरात कुणाला पत्ताही लागत नसेल. परवा बायको आतून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी एक तुकडा काढला.

"काय वाजवताय?"

"यमन."

"मला नुसतं खटखट खटखट ऐकू येतंय. माग बसवलाय म्हटलं रात्रीचा."

खरंच की. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा तेवढा आवाज बाहेर राहतो, यमन सगळा वायरीत जातो. मी रबरं बदलली, तिला दोन्हीकडं लहानच बसली. तिचे कान आतून सारखे आहेत. वायर कानावरून घेऊन दिली, तिने मान हलवून पाहिली, आणि मी गंधारावर थांबून हळूच तीव्र मध्यम लावला.

"अहो!" ती ओरडली, कारण कानात बूच असलं की आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही. "किती जवळ वाजतंय हो हे!"

शेजारी अण्णांच्या खिडकीत दिवा लागला.