वीट फुटल्यावर मारिओ कुठे जातो? टीव्ही गेम विरुद्ध ऑल-स्टार्स

टीव्ही गेमवरचा, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल केलेल्या मशीनवरचा मारिओ, आणि पुढे सुपर निन्टेन्डो मशीनसाठी नव्या चित्रांनी आलेल्या 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स'मधला मारिओ यांची तुलना निघाली की पहिलं वाक्य चित्रांवरच येतं. ढग छान, डोंगर छान, रंग जास्त. ते दिसतंच, सांगायला कोणी लागत नाही. दुसरं वाक्य मात्र हमखास चुकतं: "नवा मारिओ लय फास्ट आहे भो, हातातच येत नाही." जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही विचारा, ज्याचा हात जुन्या टीव्ही गेमवर बसलाय तो हेच सांगेल. नवा फास्ट नाही. आपला जुना संथ होता.

मूळ गेम १३ सप्टेंबर १९८५ ला जपानात फॅमिकॉमवर आला. तिथल्या आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर मशीन सेकंदाला ६० चित्रं काढायचं, आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीत ५०. या गेमचा सगळा हिशोब सेकंदावर नाही, चित्रावर म्हणजे फ्रेमवर चालतो. बी दाबून पळणारा मारिओ एका फ्रेमला जास्तीत जास्त अडीच पिक्सेल सरकतो, नुसता चालणारा दीड. ६० फ्रेमवर पळणाऱ्याचे सेकंदाला १५० पिक्सेल होतात, ५० वर १२५. पडदा २५६ पिक्सेल रुंद. म्हणजे तोच पडदा एकीकडे १.७ सेकंदात संपतो, दुसरीकडे त्याला दोन सेकंदांहून थोडं जास्त लागतं. निन्टेन्डोने पॅल देशांसाठी वेग जुळवून वेगळी आवृत्ती काढली होती, पण आपल्या बाजारातल्या नकली मशीनच्या कॅसेटींत सहसा जपान-अमेरिकेचाच प्रोग्रॅम असायचा. मशीन ५० चं, प्रोग्रॅम ६० चा. सहाव्या हिश्शाने वेग कमी, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण शेजारी तुलना करायला दुसरं काही नव्हतंच.

तुमच्याकडचं मशीन कोणत्या जातीचं आहे हे मोबाइलच्या स्टॉपवॉचने कळतं. १-१, म्हणजे पहिल्या जगाची पहिली स्टेज, सुरू करा, मारिओला जागेवर उभं ठेवा.  वर घड्याळ ४०० वरून उतरायला लागतं. ३८० दिसलं की स्टॉपवॉच चालू करा, २८० ला बंद करा. घड्याळाचा एक आकडा २४ फ्रेमला उतरतो, म्हणून १०० आकड्यांना ६० फ्रेमवर ४० सेकंद आणि ५० वर ४८ सेकंद लागतात. फरक आठ सेकंदांचा आहे, बटण दाबायला थोडं मागेपुढे झालं तरी निकाल चुकत नाही. ऑल-स्टार्सवरही हेच करून दोन आकडे शेजारी लिहा. दोन्हीकडे सारखे आले तरच पुढची तुलना खरी.

इथे एक गंमत आहे. घड्याळही फ्रेमवरच चालत असल्यामुळे संथ मशीनवर वेळ जास्त मिळत नाही. एका आकड्याला पळणारा मारिओ ६० पिक्सेल जातो, इकडेही आणि तिकडेही. ८-१ ला वेळ संपते ती दोन्हीकडे तितक्याच अंतरावर. मिळतो तो फक्त विचाराला अवधी. तीन फ्रेमच्या आत मारायची उडी ६० वर ५० मिलिसेकंदांची असते, ५० वर ६० ची. एवढ्यावरच आपल्याकडचे कितीतरी उस्ताद झाले.

कानानेही थोडं ओळखता येतं. ५० वाल्या नकली मशीनवर गाणं सावकाश वाजतं, पण सूर जवळपास तोच राहतो, कारण चिपच्या घड्याळात फरक जेमतेम एक टक्का आहे. सुपर निन्टेन्डोत आवाजाची चिप स्वतःच्या घड्याळावर चालते, त्यामुळे तिथे गाणं बरोबर वाजत असूनही गेम ५० वर असू शकतो. तिथे कानावर विसंबू नका, स्टॉपवॉच बघा.

आता वेग सारखा झाला असं धरू. मग उरतो तो खरा फरक, आणि तो विटेत आहे.

१-१ मध्ये पहिल्या एकट्या प्रश्नचिन्हाच्या पुढे पाच ठोकळ्यांची ओळ आहे: वीट, प्रश्नचिन्ह, वीट, प्रश्नचिन्ह, वीट. या ओळीतल्या पहिल्या प्रश्नचिन्हातलं मशरूम घेऊन मोठे व्हा आणि ओळीतल्या सगळ्यात डावीकडच्या विटेखाली उभं राहून सरळ उडी मारा. जुन्या, टीव्ही गेमवरच्या मारिओत डोकं आपटतं, वीट फुटते, मारिओची वर जाण्याची ताकद तिथेच संपते आणि तो खाली येतो. ऑल-स्टार्समध्ये वीट फुटते आणि मारिओ वरच जात राहतो, जणू वीट नव्हतीच. त्या मोकळ्या झालेल्या जागेतून डोकं बाहेर काढतो आणि मग सावकाश खाली उतरतो.

वाचायला किरकोळ वाटतं, पण ज्याचा हात जुन्या गेमवर बसलाय त्याची लय इथेच तुटते. जुन्या गेममध्ये वीट म्हणजे उडीचा ब्रेक होता. १-२ च्या भुयारात मोठा मारिओ विटा फोडत पळतो तेव्हा प्रत्येक आपटीनंतर पाय लगेच जमिनीला टेकतात आणि पुढची उडी हातात असते. ऑल-स्टार्समध्ये तो ब्रेक नाही. मारिओ हवेत जास्त वेळ राहतो, तेवढ्यात खालून कासव पुढे सरकतं, आणि उतरायची जागा भलतीच निघते. शिवाय विटेच्या वर काही चालत असेल तर आपणच त्याच्यात जाऊन घुसतो. छोट्या मारिओने वीट फुटत नाही, नुसती उसळते, म्हणून त्याला यातलं काही जाणवत नाही. "मोठा झालो की हात बिघडतो" अशी तक्रार ऐकली तर कारण हे समजा. उपाय एकच: मोठ्या मारिओने विटेखाली उडीचं बटण पूर्ण दाबून धरायचं नाही, टिचकी मारून सोडायचं. उडी बुटकी असली की वर जायला ताकदच उरत नाही.

माझ्या मते ही ऑल-स्टार्सची सगळ्यात मोठी चूक आहे. १९९३ च्या त्या कॅसेटवर पहिला मारिओ, लॉस्ट लेव्हल्स, दुसरा आणि तिसरा असे चार गेम आहेत. मूळ मारिओ अवघा ४० किलोबाइटचा, तर ही कॅसेट १६ मेगाबिटची, म्हणजे दोन मेगाबाइट. एवढी जागा असताना विटेची आपटी तेवढी बिघडली. भरताचं वांगं काड्यांवर भाजलं काय आणि गॅसवर भाजलं काय, दिसायला भरीतच. पहिल्या घासाला कळतं.

बाकी बाबतीत ऑल-स्टार्सला नावं ठेवता येत नाहीत. चकव्याचे किल्ले घ्या. ४-४ आणि ७-४ मध्ये चुकीच्या मजल्यावरून गेलात की गेम गुपचूप तोच तुकडा पुन्हा समोर आणतो. जुन्या गेममध्ये हे कळायलाच चार फेऱ्या जातात, आणि घड्याळ थांबत नाही. ऑल-स्टार्समध्ये बरोबर वाटेवर घंटीसारखा आवाज येतो, चुकीला वेगळा. कागदावर नकाशा काढायची गरज उरत नाही. ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर कासव आपटत ठेवून लाइफ वाढवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. जुन्या गेममध्ये लाइफ १२७ च्या पुढे नेली की आकडा उलटा फिरतो आणि पुढच्या वेळी मेलात की थेट गेम ओव्हर. नऊच्या पुढे मुकुटाचं चिन्ह आणि त्यापुढे भलतीच चित्रं दिसायला लागतात, म्हणून किती झाल्या ते नीट कळतही नाही. शंभराच्या आसपास थांबलेलं बरं. ऑल-स्टार्समध्ये आकडा नीट दिसतो आणि हा घोळ काढलेला आहे. मात्र १-२ च्या शेवटी भिंतीतून घुसून जायचं ते पाण्याचं न संपणारं 'वजा एक' जगही त्याच झाडलोटीत गेलं.

पुढे सुरू करण्याबद्दल: ऑल-स्टार्समध्ये बॅटरीवर सेव्ह राहतं. जुन्या गेममध्ये सेव्ह नाही, पण गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून गेम सुरू होतो. मशीनचं रीसेट दाबलंत तर '९९९९ इन १'चा मेनू येतो आणि सगळं गेलं. दुपारी लाइट गेली तरी तेच.

लुकलुकण्याचं कारणही सांगून टाकतो. फॅमिकॉमची चित्रचिप एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे काढू शकते. मारिओचे दोन, प्रत्येक गुम्बाचे (तो चालत येणारा तपकिरी शत्रू) दोन; मारिओ आणि तीन गुम्बा झाले की आठ भरले. चौथा गुम्बा त्याच रेषेवर आला की गेम आळीपाळीने कोणाला तरी लपवतो. किल्ल्यातली सहा गोळ्यांची फिरती आगीची काठी आडवी झाली आणि मारिओ त्याच उंचीवर असला की तिथेही बरोबर आठ होतात. तेवढ्यात आणखी काही आलं तर लुकलुक सुरू. कॅसेट खराब झालेली नसते. सुपर निन्टेन्डोची मर्यादा बरीच मोठी असल्यामुळे हा त्रास तिथे दिसत नाही. आवाजाचंही तसंच: जुन्या गेममध्ये नाणं घेतलं की गाण्यातला एक आवाज क्षणभर गायब होतो, कारण नाण्याला तीच वाहिनी द्यावी लागते.

बटणांचा फरक अंगठ्याला कळतो. टीव्ही गेमच्या पॅडवर बी डावीकडे, ए उजवीकडे, एका रेषेत. अंगठा बी वर आडवा ठेवून त्याच्या बुडाने ए दाबायचा. सुपरच्या पॅडवर वायने पळायचं आणि बीने उडी, दोन्ही तिरके, त्यामुळे अंगठा आपोआप बसतो. नकली पॅडवरची टर्बो बटणं मारिओत वापरू नका. टर्बो ए दर वेळी बटण सोडतो, त्यामुळे प्रत्येक उडी बुटकी होते आणि ८-१ चे खड्डे पार होत नाहीत.

आता जोडणी. जुनं मशीन नव्या एलईडीवर लावताना पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात. टीव्हीला हेडफोनसारखं एकच भोक असेल तर त्याची वेगळी वायर लागते, आणि त्या वायरींमध्ये क्रम सगळ्यांचा एक नसतो. आवाजात घरघर आणि पडदा काळा असं झालं तर मशीनची पिवळी पिन वायरीच्या लाल टोकात लावून बघा, बहुतेक वेळा चित्र येतं. मग टीव्हीत गेम मोड चालू करा. तो नसेल तर चित्र सुधारणारे सगळे पर्याय बंद करा, नाहीतर बटण आणि उडी यांच्यात अंतर पडतं आणि दोष गेमला जातो. स्वस्त एव्ही-एचडीएमआय डबीने ते अंतर आणखी वाढतं. मार लागल्यावर मारिओ लुकलुकायच्या ऐवजी पूर्ण नाहीसा झाला, तर टीव्ही एक आड एक फ्रेम गाळतोय. जुना डब्बा टीव्ही असेल तर हे काहीच करावं लागत नाही, म्हणून तो भंगारवाल्याला देऊ नका.

अडॅप्टर घालण्याआधी मशीनच्या बुडाचं लेबल वाचा. नकली मशीनमध्ये पिनेचं आतलं टोक कधी अधिक असतं, कधी उणं. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय दुसऱ्याचा अडॅप्टर लावू नये. बऱ्याच मशीनमध्ये आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, तो ९ व्होल्टचे ५ करतो आणि उरलेले चार उष्णतेत घालवतो. मशीन ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर १.२ वॉट. "बाराचा चालतो" म्हणून १२ व्होल्टचा लावला तर तीच उष्णता २.१ वॉट होते. जळगावात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करतो आणि गेम मध्येच गोठतो. मशीन गादीवर ठेवू नका, आणि गार करायला कूलरच्या तोंडाशीही ठेवू नका. ओलसर हवेने कॅसेटचे दात काळे पडतात. फुंकर मारण्याने तेच होतं. साठ दातांची ती पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, मग लावा. काळेपणा हट्टी असेल तर आधी पांढरा खोडरबर हलक्या हाताने.

ऑल-स्टार्सची खरी कॅसेट हाती आली तर आधी सेव्ह राहतं का बघा: एक फाइल सुरू करा, सेव्ह करा, बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी फाइल रिकामी असेल तर आतली सीआर २०३२ बॅटरी संपली आहे. गेम तरीही चालतो, फक्त लक्षात ठेवत नाही. उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो, साधा स्क्रू ड्रायव्हर बसत नाही. नवी बॅटरी पत्र्याच्या पट्ट्या जोडलेलीच घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर तो तापून फुटू शकतो. पट्ट्यांची अधिक-उणे बाजू काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.