चार सर्व्हरचे लॉग एका जागी आणताना पोर्ट ५१४ ने खाल्लेले १८ दिवस

आमचं ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरच्या (रिक्वेस्ट वाटून देणारी यंत्रणा) मागे चार टॉमकॅट नोडवर, म्हणजे जावा ॲप चालवणाऱ्या चार सर्व्हरवर चालतं. युजरची रिक्वेस्ट कुठल्या नोडवर गेली ते आधी कळत नाही, त्यामुळे कंप्लेंट आली की सर्व्हरवर लॉगिन करायला चार पुटी विंडो उघडायच्या, चारही ठिकाणी ग्रेप मारायचं (लॉगमध्ये शब्द शोधायची कमांड) आणि वेळा जुळवत बसायचं. रात्री दोन वाजता एकदा करून बघा, मग कळेल मी सेंट्रल लॉग सर्व्हरच्या एवढी मागे का लागले ते.

लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणाऱ्या आरसिसलॉगचं कॉन्फिग अर्ध्या दिवसात झालं. लॉग सर्व्हर वेगळ्या झोनमध्ये, म्हणून फायरवॉलची रिक्वेस्ट टाकली. फॉर्ममध्ये प्रोटोकॉलचा रकाना आहे, त्यात मी स्पष्ट यूडीपी (पोचपावती न मागता पॅकेट पाठवणारा प्रोटोकॉल) लिहिलं होतं, पोर्ट ५१४. पाचव्या दिवशी तिकीट क्लोज, ‘डन’. मी नोडवरून लॉगर कमांडने टेस्ट मेसेज पाठवला. एरर नाही, आणि लॉग सर्व्हरवर काहीच नाही. तिकीट परत उघडलं तर उत्तर आलं की पोर्ट ओपन आहे, तुमचं ॲप्लिकेशन तपासा, आणि सोबत टेलनेटचा स्क्रीनशॉट! अहो, टेलनेट टीसीपीवर, म्हणजे आधी कनेक्शन जोडणाऱ्या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं, त्याने यूडीपीचं काय कळणार? हे लिहून पाठवलं तरी तिकीट अजून दोनदा क्लोज झालं, आणि परत उघडलं की दर वेळी रांगेत शेवटी.

यात माझे दोन दिवस एनसीनेही (पोर्ट तपासायची नेटकॅट कमांड) घालवले. यूडीपीचा ऑप्शन देऊन चेक केलं की ते ‘सक्सीडेड’ म्हणतं, कारण यूडीपीत पोचपावती नसतेच, फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं तर नकारही येत नाही आणि नकार आला नाही म्हणजे पोर्ट उघडं असं ते धरून चालतं. मी त्यावर विश्वास ठेवून आरसिसलॉगच उलटापालटा करत बसले, माझ्या कॉन्फिगमध्ये काही चूक नव्हती.

शेवटी दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडंप लावलं (नाव टीसीपी असलं तरी येणारी-जाणारी सगळी पॅकेट दाखवणारी कमांड). नोडवरून पॅकेट निघताना दिसतंय, लॉग सर्व्हरवर शून्य. मग तिथे थोडा वेळ टीसीपी लिसनर चालू केला आणि नोडवरून टीसीपीने पाठवलं तर मेसेज लगेच हजर. दोन्ही आउटपुट वेळेसकट तिकिटात चिकटवले आणि कॉलच मागितला. कॉलवर त्यांनी रूल उघडला, प्रोटोकॉल टीसीपी. बदलायला दोन मिनिटं लागली, आणि मोजले तर १८ दिवस झाले होते. फॉर्म कोणी वाचलाच नव्हता याचा राग अजून आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी दोन्हीकडचा टीसीपीडंप जोडा, तोंडी वाद घालू नका.

यूडीपी आमच्या लोड बॅलन्सरसाठी लागणारच होतं, तो स्वतःचे लॉग दुसऱ्या कशाने पाठवत नाही. ॲप्लिकेशनचे लॉग मात्र मी नंतर टीसीपीवर नेले. त्यात क्यू (पाठवायच्या राहिलेल्या मेसेजची रांग) डिस्कवर जाईल असं बघा, क्यूला फाइलचं नाव दिलं नाही तर ती नुसती मेमरीत राहते, आणि रिट्राय काउंट उणे एक ठेवा म्हणजे लॉग सर्व्हर बंद असला तरी नोड प्रयत्न सोडत नाही.

हो, आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं, चारही नोडची घड्याळं क्रोनीने (वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर) जुळवा आणि टाइमझोन एकच ठेवा. आमचा एक नोड यूटीसीवर होता, जुन्या सिसलॉग फॉरमॅटमध्ये ना वर्ष असतं ना टाइमझोन, त्यामुळे त्याच्या ओळी साडेपाच तास मागे दिसायच्या. जावाचा स्टॅक ट्रेस (एररचा अनेक ओळींचा तपशील) पण सांभाळा, फाइलमधून वाचताना प्रत्येक ओळ वेगळा मेसेज होते आणि चार नोडच्या ओळी एकमेकांत मिसळतात. ओळीच्या सुरुवातीला तारीख असेल तरच नवा मेसेज, असा रेजेक्स (मजकूर ओळखायचा पॅटर्न) दिला की ट्रेस अख्खा येतो.

सगळं लागलं त्याच रात्री दिसलं की महिनाभर छळणारा टाइमआउट फक्त तिसऱ्या नोडवरून येतोय. एकाच फाइलमध्ये, एका ग्रेपमध्ये.