नकाशात कोरडं, शिवारात गमबूट बुडेल एवढं पाणी

मंडळी, डासांच्या अळ्या शोधायला बेळगाव परिसरातल्या साचलेल्या पाण्याचा नकाशा करतोय, त्यात रडारनं दगा दिलाय.

पावसाळ्यात सेंटिनेल-२ उपग्रहाच्या साध्या चित्रांत ढगांशिवाय काही दिसत नाही, म्हणून येळ्ळूर-वडगाव शिवाराचा नकाशातला पाण्याचा थर रडारवाल्या सेंटिनेल-१ उपग्रहावर बेतला होता. रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. जुलैत काळाभोर आलेला तो पट्टा ऑगस्टच्या चित्रात जवळजवळ पुसला गेलाय. सांबरा विमानतळाचा गुळगुळीत रनवे तेवढा अजून काळा. तिथं अळ्या शोधायला कोण जातंय!

बांधावर एका मामांना विचारलं, पाणी आटलं का? "आटतंय कुठलं? भात बाजूला सारून बघा की!" सारलं आणि काठीला बांधलेला मग पाण्यात बुडवला. पहिल्याच डिपला अळ्या, पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या. मोबाइलला लावायच्या क्लिपच्या भिंगातून शेपटाकडं पाहिलं, श्वासनळीचा पत्ता नाही. अ‍ॅनोफिलीस, मलेरिया पसरवणारा डास! क्युलेक्स डासाची असती तर तिरकी लटकली असती. यंदाचा सगळ्यात स्वच्छ फोटो मिळाला. (नवख्यांनो, सूर्य समोर ठेवून उभे राहा. सावली पडली की अळ्या तळ गाठतात.)

आता रडारचं. संथ पाण्यावरून लहर पलीकडं निसटते, म्हणून पिक्सेल काळा. भात वर आलं की तीच लहर पाणी आणि ताटं यांच्यात आपटून उपग्रहाकडं परतते आणि पिक्सेल उजळतो. म्हणजे पाणी जागच्या जागीच आहे, आपल्याला दिसेनासं झालंय.

उपाय सापडला असं वाटलं होतं: एका तारखेचं चित्र न बघता प्रत्येक पिक्सेलच्या उजळपणाचा हंगामभराचा आलेख काढायचा. आधी खाली, मग वर, म्हणजे भातखाचर. खानापूरकडच्या रोप लागवडीच्या शेतांवर हे झकास बसलं. शहापूर-वडगावात मात्र आपटलं, कारण इथं धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच बी पेरतात. पाणी साचेपर्यंत रोपं हातभर झालेली असतात, आलेख खाली जातच नाही.

रडार लहरींचा व्हीव्ही हा प्रकार सोडून व्हीएच वापरून बघणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय की हा हट्ट कशाला? शेतकऱ्यांना पेरणीची पद्धत विचारून शेतं दोन रंगांत रंगवावीत आणि धूळवाफीच्या शेतांत सरळ डिपिंग करावं. बळ्ळारी नाल्याचं पाणी ओसरल्यावर उरणारी डबकी तर १० मीटरच्या पिक्सेलला दिसायचीच नाहीत. ती मग बुडवूनच शोधायची.

मगावरून आठवलं, ३५० मिलीचा तयार डिपर मागवू नका. भांड्यांच्या दुकानातला पांढरा इनॅमलचा मग वेळूच्या काठीला बांधा. तेवढ्याच मापाचा घ्या, म्हणजे आपले आकडे एकमेकांशी जुळतील. ऑनलाइन घेतलेला पीएच मीटर मात्र एकाच पाण्याला दर वेळी वेगळा आकडा दाखवतोय. तो रकाना सध्या रिकामा, तापमान आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तेवढं भरतोय.

निपाणी-चिकोडीकडं कुणी उसाच्या सऱ्यांत डिपिंग केलंय का? असेल तर शीट टाका. माझा पुढचा थर तोच करावा म्हणतोय, धूळवाफ नंतर.