इंटरफेरॉन होतं, तरी पेशी मेल्या

अतिदक्षता विभागातून आमच्या प्रयोगशाळेत फोन आला तो पन्नाशीच्या एका रुग्णासाठी. फ्लूचा न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर. मधुमेह नाही, दमा नाही, कुठलं औषध चालू नाही. "मॅडम, एवढा धडधाकट माणूस फ्लूने असा कोसळला कसा, तेच कळत नाहीये," डॉक्टर म्हणाले. पांढऱ्या पेशी, इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटिबॉडी), एचआयव्ही, सगळं तपासून झालं होतं आणि सगळं ठीक होतं. बाहेरून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलंय का, एवढं मी विचारून घेतलं, कारण मग दात्याच्या अँटिबॉडी मोजल्या जातात. दिलं नव्हतं. मी रक्त मागवलं.

नेहमीच्या तपासण्या जिथे थांबतात, त्याच्या आधीचे दिवस मला बघायचे होते. नव्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. फ्लूचा विषाणू पेशीत शिरला की सहा ते आठ तासांत त्याची पिल्लं बाहेर पडू लागतात. मधल्या काळात किल्ला लढवते ती उपजत प्रतिकारशक्ती. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. फ्लूच्या जनुकीय आरएनएचं टोक उघडं, त्यावर तीन फॉस्फेट. पेशीतलं रिग-आय नावाचं प्रथिन नेमकं ते उघडं टोक पकडतं. मग पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सोडते आणि ते शेजारच्या पेशींना सावध करतं. शेजारणींमध्ये शेकडो जनुकं चालू होऊन संरक्षक प्रथिनं बनतात: एमएक्सए फ्लूचा आरएनए जखडून ठेवतं, पीकेआर प्रथिनांचं उत्पादनच थांबवतं, आयएफआयटीएम ३ विषाणूला आत शिरू देत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशीही याच हाकेने जाग्या होतात. फ्लूकडे यावर तोड आहे, एनएस १ हे प्रथिन, जे रिग-आयला आंधळं करतं. त्यामुळे फ्लूमध्ये इंटरफेरॉन मुळातच उशिरा आणि बेताचं मिळतं. जे थोडं मिळतं, ते वाया जाऊन चालत नाही.

आमची चाचणी दिसायला साधी आहे. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये व्हेरो पेशी वाढवायच्या. माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ साली जपानमध्ये वेगळ्या केलेल्या या पेशींना स्वतःचं इंटरफेरॉन बनवता येत नाही, पण बाहेरून दिलेलं ओळखता येतं. म्हणजे खळग्यात जे इंटरफेरॉन असेल ते मी घातलेलंच, अल्फा किंवा बीटा या प्रकारांपैकी. त्यात रुग्णाचा प्लाझ्मा मिसळायचा, रात्रभर ठेवायचं आणि मग व्हीएसव्ही हा गुरांमधला विषाणू सोडायचा. तो इंटरफेरॉनपुढे अगदीच दुबळा, म्हणूनच या कामाला सोयीचा. शेवटी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं. जिवंत पेशी तळाला चिकटून राहतात आणि जांभळ्या दिसतात. मेलेल्या धुण्यात निघून जातात.

प्लेट धुऊन उजेडात धरली आणि मी आधी कंट्रोलच, म्हणजे तुलनेसाठीचे खळगे, पुन्हा तपासले. निरोगी माणसाचा प्लाझ्मा आणि अल्फा इंटरफेरॉन: गडद जांभळं. इंटरफेरॉनच नाही: साफ पारदर्शक. दोन्ही जिथल्या तिथे. रुग्णाच्या रांगेत अल्फा इंटरफेरॉन पुरेपूर घातलेलं असूनही खळगे पारदर्शक होते, तळाशी एक डागसुद्धा उरला नव्हता. प्लाझ्माच विषारी असेल, ही शंका यायलाच हवी. पण विषाणू न घातलेल्या खळग्यांत त्याच प्लाझ्मात पेशी छान जांभळ्या होत्या. आणि ज्या खळग्यांत अल्फाऐवजी बीटा इंटरफेरॉन होतं, तिथेही पेशी वाचल्या होत्या. त्या एका रांगेने शंका फेडली. या माणसाच्या रक्तात स्वतःच्याच अल्फा इंटरफेरॉनविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या. हाक दिली जात होती, ती वाटेतच अडवली जात होती.

लसीनंतर ज्यांची आपण वाट बघतो त्याच अँटिबॉडी इथे शरीराची पहिली फळी कापून काढत होत्या, याचं मला अजूनही नवल वाटतं. अतिगंभीर कोविड झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांत अशा अँटिबॉडी असल्याचं २०२० साली समोर आलं, तेही बहुतेक पुरुषांत. सत्तरीच्या आतल्या सर्वसाधारण लोकांत त्या हजारात दोन-तीन जणांकडे असतात, सत्तरीनंतर प्रमाण झपाट्याने वाढतं. एरवी या माणसांना काहीही जाणवत नाही. म्हणूनच कुणी शोधत नाही, आणि ही आपल्या वैद्यकातली मोठी उणीव आहे असं मी ठामपणे म्हणेन.

डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: बीटा चालतंय तर तेच देऊया का? मी नको म्हटलं. रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत ते वापरून पाहिलं होतं, मृत्यू कमी झाले नव्हते. इंटरफेरॉनची वेळ पहिल्या तासांची असते; फुप्फुसं सुजून भरल्यावर तीच हाक दाह वाढवू शकते. विषाणूरोधक औषध चालू होतंच. बाकी सगळं त्यांच्या टीमने केलं, चिकाटीने, आणि रुग्णाची नळी निघाली.

पुढे तो पत्नीसोबत अहवाल समजून घ्यायला आला. आवाज अजून घोगरा होता. त्याने विचारलं, "मॅडम, मग मी लस घ्यायची की नाही?" मी सांगितलं, फ्लूची मृत विषाणूची लस दरवर्षी नक्की घ्या, तुमची अँटिबॉडी बनवणारी बाजू उत्तम चालते. नाकात मारायची जिवंत लस नको, पीतज्वराची तर अजिबात नको. ती घेतल्यावर गंभीर त्रास झालेल्या काही जणांत याच अँटिबॉडी सापडल्या आहेत. आणि ताप आला तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि हा कागद दाखवा. त्याच्या पत्नीने कागद मागून घेतला, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि पीतज्वर हा शब्द मला पुन्हा एकदा उच्चारायला लावून लिहून घेतला.