शंभरात अकरा

जुलैच्या उधाणाबरोबर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. ते आले, आणि पाठोपाठ एक कोळीदादा टोपलीतून मास्क्ड बूबी हा समुद्रपक्षी घेऊन आले. पोट काळंकुट्ट, वर रॉकेलचा भपकारा. कुणीतरी चांगल्या मनाने पुसलं होतं. दरवर्षी सांगतो, रॉकेल लावू नका. कातडी भाजते आणि पिसं साफ करताना पक्षी तेही गिळतो.

"डॉक्टर, धुवा की लगेच."

आमच्या स्वयंसेवकांचीही तीच घाई. पण गारठलेला, उपाशी पक्षी धुण्याच्या ताणानेच मरतो. आधी ऊब, नळीने पाणी, मग रक्ततपासणी. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, 26; चाळिशीच्या वर हवा होता. काचपट्टीवर न्यू मिथिलीन ब्लू हा रंग टाकला तर लाल पेशींत निळे ठिपके, हाइन्झ बॉडी. गिळलेल्या तेलाने पेशी आतून जळतात, त्याची ही खूण. लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तर शोधाव्या लागत होत्या.

तिसऱ्या दिवशी धुतला. डांबर सुटायला आधी कोमट खाद्यतेल चोळलं, मग भांड्यांचं लिक्विड आणि 41 अंशांचं पाणी. फेस पांढरा येईपर्यंत टब बदलत राहिलो. डोळ्यांभोवती मऊ टूथब्रश. शेवटच्या फवाऱ्याला पाणी पिसांवरून मण्यांसारखं घरंगळलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून तारली खाल्ली. फोटो गावभर फिरले.

नवव्या दिवशी तो चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागला, शेपूट दर श्वासाला वरखाली. अकराव्या दिवशी गेला.

शवविच्छेदनात वायुकोशांवर, म्हणजे श्वासाच्या हवेच्या पिशव्यांवर, हिरवट राखाडी बुरशी दिसली, पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर धरते तशी. अ‍ॅस्परजिलस. रोगाशी लढणारी प्लीहा आक्रसलेली. हे बीजाणू हवेत कायमच असतात, धडधाकट पक्षी ते सहज पचवतो. तेलाने याची प्रतिकारशक्तीच खचवली होती; त्यात कोंडल्याचा ताण, तोही लिम्फोसाइट घटवतो. आणि आमची खोली ओली. एक्झॉस्ट फॅनचा अर्ज तीन वर्षं वरच्या टेबलावर पडून आहे.

बुरशीचं औषध मी पाचव्या दिवशी सुरू केलं. तेलाने यकृत दुखावलेलं असणार, त्यावर इट्राकोनॅझोल झेपेल का, या विचारात चार दिवस घालवले.

कोळीदादांचा परवा फोन आला, "सोडला का दर्यात?"

पहिल्या दिवशीची काचपट्टी अजून पेटीत आहे. काल रात्री पुन्हा मोजली. शंभर पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट अकरा.