चांद्रमोहिमांच्या छायाचित्रांपासून स्टिरिओ स्लाइड : नवतपापर्यंतची प्रगती

स्टिरिओ स्लाइड म्हणजे थोड्या वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या दोन चित्रांची जोडी; दोन भिंगांच्या दर्शकातून ती पाहिली की दृश्याला खोली येते. इंकजेटच्या पारदर्शक फिल्मवरचे ठिपके भिंगातून लगेच डोळ्यांत भरतात, म्हणून चांद्रपृष्ठाच्या जोड्या साध्या कृष्णधवल निगेटिव्ह फिल्मवर करायला घेतल्या आणि ही पद्धत आता हातात बसली आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्र उलट्या छटांत दाखवायचे, अंधाऱ्या खोलीत ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्यायचा आणि फिल्म नेहमीसारखी धुवायची, म्हणजे थेट पॉझिटिव्ह पारदर्शिका मिळते. डाव्या आणि उजव्या चित्राच्या दरम्यान कॅमेरा तसूभरही हलवला नाही, तर दोन्हींचे मोजमाप सारखे राहते. शटर सेकंदभर उघडे ठेवल्यास पडद्याचा लुकलुकाट उतरत नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती चंद्रावरच्या काळ्या आकाशाची. उलट्या छटांत ते पांढरेशुभ्र होते आणि त्याचा उजेड फिल्ममध्ये पसरून डोंगरांच्या कडा धूसर करतो, म्हणून मी ते फिकट राखाडी ठेवतो. फिल्मवर ते तरीही पुरेसे काळे येते.

नागपुरात मे महिन्यात फिल्म धुणे हे स्वतंत्र काम आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, आणि नुसता डेव्हलपर बर्फावर थंड करून भागत नाही, कारण हायपो (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि नंतरचे पाणी त्याच तापमानाच्या आसपास नसेल तर जिलेटिनच्या थरावर बारीक जाळी उठते. त्यामुळे मी माठातले पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवतो, त्यात थोडा बर्फ घालून सगळी द्रावणे 24 अंश सेल्सिअसला आणतो आणि 20 अंशांसाठी दिलेली वेळ तक्त्यानुसार कमी करतो. फिल्म वाळेपर्यंत कूलर बंद असतो. त्याच्या हवेबरोबर येणारे वाळ्याचे तंतू ओल्या थराला चिकटले तर निघत नाहीत.

अपोलो मोहिमांच्या जोड्यांमध्ये मला सर्वांत जास्त रस आहे. अंतराळवीरांचा हॅसलब्लाड कॅमेरा छातीवर बसवलेला असे, त्याला दृश्यदर्शक नव्हता, आणि स्टिरिओसाठी एक फोटो घेऊन थोडे बाजूला सरकून दुसरा घ्यायचा, अशी रीत होती. साहजिकच दोन चित्रांत कॅमेरा थोडा कललेला आणि वळलेला असतो. प्रत्येक चित्रावर दिसणाऱ्या फुल्या फिल्मपुढच्या काचेवर कोरलेल्या आहेत आणि त्या एकमेकींपासून 10 मिलिमीटरवर आहेत, म्हणून स्कॅनमधली ओढाताण तपासायला त्यांच्यासारखी पट्टी नाही. मात्र जोडी जुळवताना त्यांच्यावर विसंबू नये. त्या जुळल्या म्हणजे काचा जुळल्या, दृश्य नव्हे. मी लांबचा डोंगर आणि जवळचा एक दगड धरून उभी तफावत काढतो. जोडी पाहताना सगळ्या फुल्या एकाच पातळीवर तरंगतात, आणि जवळच्या दगडावरची फुली दगडाच्या मागे असूनही त्याच्यावर उमटलेली दिसते, हे डोळ्यांना खुपते. म्हणून पुढच्या भागातल्या फुल्या मी पुसतो आणि आकाशातल्या तशाच ठेवतो, कारण त्या त्या छायाचित्राची ओळख आहेत.

चांद्रयान-3 ची जोडी वेगळ्या वाटेने मिळाली. प्रज्ञान रोव्हरच्या नॅव्हकॅमने, म्हणजे वाट पाहण्याच्या कॅमेऱ्यांनी, घेतलेल्या विक्रम लँडरच्या छायाचित्रांपासून इस्रोने सप्टेंबर 2023 मध्ये लाल-निळ्या चष्म्यातून पाहायचे चित्र प्रसिद्ध केले. त्यात डावे चित्र लाल रंगाच्या वाहिनीत आणि उजवे हिरव्या-निळ्या वाहिन्यांत आहे, त्यामुळे वाहिन्या सुट्या केल्या की कृष्णधवल जोडी हाती येते. जेपेगमध्ये रंगांचा तपशील बहुधा कमी ठेवला जातो, म्हणून विक्रमच्या पायांच्या कडांशी दुसऱ्या चित्राची पुसट सावली राहते. ती हाताने पुसण्याचे काम सावकाश चालू आहे. आपल्या रोव्हरने आपलाच लँडर पाहिलेली ही जोडी संग्रहात हवीच होती.

माउंट, म्हणजे जोडी बसवायच्या चौकटी, पुठ्ठ्याचे, जुन्या रिअलिस्ट या स्टिरिओ कॅमेऱ्याच्या पद्धतीच्या मापाचे, म्हणजे 101 गुणिले 41 मिलिमीटरचे आहेत. सीताबर्डीतून आणलेली 50 मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगे दर्शकात 63 मिलिमीटरवर बसवली आहेत आणि अनंताचे बिंदूही, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूच्या दोन चित्रांतल्या जागाही, तेवढ्याच अंतरावर ठेवतो. सर्वांत जवळच्या वस्तूचे बिंदू त्यापेक्षा 1.2 मिलिमीटरहून अधिक जवळ येत असतील, तर मी चित्र खालून कापतो. पुढचा दगड गेला तरी चालेल, डोळ्यांवर ताण येता कामा नये.

मंगळाच्या जोड्या थोड्या थांबवल्या आहेत. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरील मास्टकॅम-झेडमधील दोन कॅमेऱ्यांत सुमारे 24 सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या जवळजवळ चौपट, आणि त्यामुळे डोंगरकडे छोट्या प्रतिकृतीसारखे दिसतात. शिवाय तिथे रंग हवा. त्याआधी अपोलो 11 मधील आर्मस्ट्राँग यांनी जवळून मातीची छायाचित्रे घेणाऱ्या खास स्टिरिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या 17 जोड्या घेणार आहे. त्या कॅमेऱ्यात दोन्ही भिंगे पक्की बसवलेली असल्याने कल काढण्याचे काम जवळजवळ उरणार नाही, आणि जेमतेम तीन इंचांच्या त्या क्षेत्रातले मातीचे कण मूळ मापाच्या आसपास दिसावेत, यासाठी माउंटची खिडकी किती मोठी ठेवायची, एवढेच ठरवायचे आहे.